समास सोडून लिहा

मराठीत समास दोन प्रकारचे. एक व्याकरणातला; तो परीक्षेपुरता लक्षात राहतो. दुसरा वहीतला, तो रेघ मारून सोडायचा आणि तिथे फक्त मास्तरांनी लिहायचे. बँकेत आल्यावर या दुसऱ्या समासाची थोरवी मला कळली. लेजरला समास नसता तर आमच्या निम्म्या सह्या गिऱ्हाइकांच्या शिलकेवर पडल्या असत्या. एका मजकुरावर दुसरा मजकूर पडू नये, एवढेच त्याचे तत्त्वज्ञान. सिनेमावाल्यांना ते गवसायला मात्र फार वर्षे लागली. त्याचाच हा संक्षिप्त इतिहास.

इतिहास म्हटला की आपल्या जिल्ह्यापासून सुरुवात करावी, असा रिवाज आहे. आमच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ओव्या आणि आकृत्या एकत्र मांडल्या. म्हणजे पडद्याचे प्रमाण दहास एक! हॉलिवूडने १९५३ साली सिनेमास्कोपचा एवढा गाजावाजा केला, तो अडीचास एकाच्या आतबाहेरच. लांबरुंद पडद्यावर शब्द आणि चित्र एकत्र नांदवण्यात आम्ही तीनशे वर्षांहून अधिक पुढे होतो. पुढे आम्ही त्याचे काही केले नाही, ही गोष्ट वेगळी.

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात शब्द होते, पण चित्रावर नव्हते. चित्र थांबे, पाटी येई, पाटी जाई, चित्र पुन्हा सुरू. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. एक बोलत असताना दुसऱ्याने गप्प बसायचे, ही शिस्त आमच्या काउंटरवर अजून यायची आहे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला आणि पाट्यांची नोकरी गेली. हिंदी प्रेक्षकांसाठी खाली भाषांतर छापण्याऐवजी प्रभातने चित्रपटच हिंदीतही काढला. याला म्हणतात हौस!

मग आला दूरदर्शनचा जमाना. १९८०च्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक चित्रपट लागत, खाली इंग्रजी अक्षरे. अक्षरे पांढरी, नायकाचे धोतरही पांढरे. त्यामुळे संवादाचा उत्तरार्ध धोतरात विरघळून जाई. तीच गत रुंद चित्रपटांची. चौकोनी टीव्हीवर ते बसवायचे तर वरखाली काळ्या पट्ट्या येत, आणि ‘पैसे आख्ख्या टीव्हीचे मोजलेत’ म्हणून लोक त्या पट्ट्यांवर चिडत. पुढे टीव्हीच रुंद झाला. आता जुना चौकोनी चित्रपट लावला की काळ्या पट्ट्या डावीउजवीकडे येतात. पट्ट्यांनी जागा बदलली, तक्रार तीच राहिली.

हल्ली यात एक नवी विद्या आली आहे: जुने चित्र मोठे करण्याची. व्हीसीडीच्या चित्रात आडवे ३५२ आणि उभे २८८ ठिपके असत. ‘फोर के’ म्हणवणाऱ्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. गुणाकार केल्याशिवाय राहवेना. मूळच्या एका ठिपक्यामागे सुमारे ब्याऐंशी! म्हणजे खात्यात जमा एक रुपया आणि पासबुकात ब्याऐंशी. उरलेले एक्याऐंशी संगणक शेजारच्या ठिपक्यांकडे बघून अंदाजाने भरतो. आम्ही असे केले तर व्यवस्थापक आधी निलंबित करतील आणि मग कारण विचारतील. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांतली दोनच काय ती आज हाती आहेत. हरवलेल्या दोहोंना तर शून्याने गुणण्याखेरीज गत्यंतर नाही.

पण काळी पट्टी? तिथे अंदाज नाही, काही झाकणे नाही. ती निव्वळ समास आहे! अक्षरे चित्रातच छापलेली नसून वेगळ्या फायलीत असली, तर ती खालच्या पट्टीत उतरवता येतात. रुंद चित्रपट असेल तर चित्र थोडे वर सरकवायचे. वरची पट्टीही खाली जमा होते.

हे मी शिकलो ते वडिलांपायी. त्यांना आता ऐकू येत नाही. ‘संत तुकाराम’ हा १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा चित्रपट त्यांनी लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. म्हणून मी रात्री बसून त्यातले संवाद मराठीत टाइप केले आणि लावून दिले. वडील पाच मिनिटे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुकोबाच्या पायावर काय लिहून ठेवलंस रे हे?”

चित्रपट चौकोनी, खाली पट्टीच नाही. जग चित्र ब्याऐंशी पट करण्याच्या मागे असताना मी ते लहान केले. एक हजार ऐंशी रेघांचे नऊशेवर आणले आणि उरलेल्या एकशेऐंशीत तुकोबांचे बोलणे बसवले. चित्राची एक षष्ठांश उंची खर्ची पडली. व्यवहार तोट्याचा वाटेल, पण वडिलांनी तो डोळ्यांनी तपासून मंजूर केला. अक्षरे खाली आली तशी त्यांनी आधी हात जोडले आणि मग वाचायला चष्मा पुसला.