परगावी गेलेले पणजोबा

हल्ली महाराष्ट्रात पूर्वजांना फार चांगले दिवस आले आहेत. २०२३ साली सरकारने कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कचेऱ्यांतली, शाळांतली जुनी रजिस्टरं धूळ झटकून बाहेर आली. मोडी वाचणाऱ्या ज्या माणसाला कालपर्यंत कोणी चहाही विचारत नव्हतं, त्याला न्यायला दाराशी गाड्या येऊ लागल्या. कोणाला दाखला हवा, कोणाला जमिनीतला वाटा हवा. आमच्या घराला मात्र यातलं काहीच नको होतं. आम्हाला फक्त एक तिथी हवी होती.

आमचे पणजोबा वारले कधी, हे कोणालाच ठाऊक नाही. मुळात ते वारले की नाही, यावरच घरात दोन तट आहेत. 'आज असते तर एकशे पस्तीस वर्षांचे असते, तेव्हा हा वाद आता मिटवायला हरकत नाही,' असं मी एकदा म्हणालो, तर आत्या दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काकांचं म्हणणं, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीच सर्वपित्री अमावास्या आहे. पान वाढा आणि मोकळे व्हा. आत्याचं म्हणणं, "माझी आजी मरेपर्यंत कुंकू लावत होती. तिच्या नवऱ्याला पिंड देणारे तुम्ही कोण?" यावर काकांपाशी उत्तर नव्हतं. "कागद आण, मग बघू," असं म्हणून आत्याने ते प्रकरण माझ्या अंगावर ढकललं. निवृत्त माणसाच्या अंगावर कोणीही काहीही ढकलू शकतं.

आता एक सांगतो, माणूस हरवायला मनमाडइतकं सोयीचं गाव नाही. मुंबई-भुसावळची मोठी लाइन होतीच. १८७८ साली तिला दौंडचा फाटा जोडला गेला आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यातून मीटरगेज येऊन मिळाली. म्हणजे घरातून भाजी आणायला निघालेल्या माणसाला रागाच्या भरात मुंबई, नागपूर, पुणे किंवा हैदराबाद, यांतलं काहीही गाठता यावं अशी चोख व्यवस्था. पणजोबा इथे आले ते १९०६ साली निघालेल्या रेल्वेच्या कारखान्यात. तिथे पुलांचे गर्डर तयार होत. पणजोबा रिवेट ठोकत. पुढे एक दिवस ते गेले. काका म्हणतात, पहिल्या महायुद्धात रेल्वेची माणसं मेसोपोटेमियात नेली त्यांच्याबरोबर बसऱ्याला गेले. चुलतभाऊ म्हणतो, मीटरगेजने गेले आणि तिकडे दुसरा संसार थाटला. चुलतभावाला आम्ही श्राद्धाच्या दिवशी बोलावत नाही.

मी प्रथम वळलो खानेसुमारीकडे. सरकारने माणसं मोजली, त्यात आमचा माणूस असणारच! आपल्याकडे पहिली देशभर एकाच वेळची खानेसुमारी झाली १७ फेब्रुवारी १८८१ ला, आणि १९३१ पर्यंत ती एका ठरावीक रात्री होई. घरांवर आधी नंबर टाकत, मग त्या रात्री मोजणीदार दारोदार फिरत. रेल्वेतून जाणारे उतारूसुद्धा सुटत नसत. त्यांना मोजायची वेगळी व्यवस्था असे. १० मार्च १९११ च्या रात्री मनमाड जंक्शनवर केवढी धांदल उडाली असेल, याचं चित्र मी मनात रंगवलं. त्या धांदलीत घरी पणजोबा, पणजी, नंबर टाकलेलं दार. आता फक्त तो कागद मिळवायचा होता.

तो मिळत नाही. इंग्लंडात शंभर वर्षं झाली की खानेसुमारीचे कागद नावानिशी लोकांना खुले होतात. १९२१ चे २०२२ साली झाले. तिथला माणूस घरबसल्या आजोबा काढतो आणि आजोबांकडे मोलकरीण किती होत्या तेही काढतो. त्यांचेही १९३१ चे कागद १९४२ साली आगीत जळाले, एवढंच आपलं समाधान. आपल्याकडे त्याच साहेबाने माणसं मोजली, धर्म, जात, धंदा, भाषा यांची बेरीज केली, जाडजूड अहवाल छापले, पण नावाचे कागद काही जपून ठेवले नाहीत. आणि स्वतंत्र भारताने १९४८ च्या कायद्यात लिहूनच टाकलं की, माणसागणिक नोंद कोणालाही पाहता येणार नाही. अहवालात मनमाड सापडतं, मनमाडकर सापडत नाही.

राहिली शाळा. आजोबा इथल्याच मराठी शाळेत गेले होते. मुख्याध्यापिका बाई भल्या. त्यांनी खिचडीच्या तांदळाच्या गोण्या हलवून कपाट उघडून दिलं. "वाळवी जपून," म्हणाल्या. वाळवीने कोणाला जपायचं की मी वाळवीला, हे नीटसं कळलं नाही.

जुनं जनरल रजिस्टर वाचणं हा स्वतंत्र आनंद आहे. जन्मतारखा पाहिल्या तर निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं. आयांना तिथी आठवायची नाही, फार तर 'मोठ्या पावसाच्या साली' एवढं आठवायचं. मास्तर पोराकडे बघून वर्ष ठरवीत आणि शाळेच्या सोयीने १ जून ठोकून देत. पुढे ही सगळी मंडळी एकाच दिवशी निवृत्त होत. शाळा सोडल्याचं कारण : 'गाव सोडले', 'गुरे राखतो', 'सतत गैरहजर'. अक्षर मोडी, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, पण शब्द कुठे संपला तेही कळायला मार्ग नाही. सुदैवाने बरोबर एक मोडीवाले गुरुजी होते. तेच वाचत होते आणि मी ऐकत होतो. १९१८ च्या दिवाळीच्या आसपास त्यांचा आवाज बदलला. कारणाच्या रकान्यात एकाखाली एक एकच शब्द येऊ लागला : मयत, मयत, मयत. तो इन्फ्लुएन्झाचा हंगाम. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे दहा लाख माणसं त्यात गेली.

जून १९१९ च्या पानावर आजोबा सापडले. वय सात. पालकाच्या रकान्यात पणजोबांचं नाव नव्हतं. तिथे एका बाईचं नाव होतं, धंदा मजुरी, आणि पुढे बारीक अक्षरात दोन शब्द : बाप परगावी.

ती माझी पणजी. आम्ही शोधत होतो पणजोबांना, आणि जिला कोणी शोधत नव्हतं ती सापडली. तिचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. भिंतीवरच्या वंशावळीत सगळे पुरुष. तिच्या श्राद्धाला गुरुजी नाव विचारत, आत्या 'आजी' म्हणे, आणि गुरुजी समजूतदारपणे पुढे जात. मी आत्याला कागद वाचून दाखवला. तिने नाव तीनदा वाचायला लावलं. मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "परगावी. मी काय निराळं सांगत होते?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय म्हणणार होते, मला ठाऊक होतं. १९११ ते १९२१ हे खानेसुमारीच्या इतिहासातलं एकच दशक असं आहे की ज्यात या देशाची माणसं वाढायच्या ऐवजी घटली. सरकारी कागदात पणजोबा कुठे असतीलच तर बहुधा त्या वजाबाकीत. पण काकाही काही बोलले नाहीत. साथीनंतरच्या पहिल्याच जूनमध्ये एक बाई सात वर्षांच्या पोराला घेऊन मास्तरांपुढे उभी राहते आणि बाप कुठे म्हणून विचारल्यावर 'परगावी' म्हणते. शंभर वर्षांनी तिची उलटतपासणी करायचा अधिकार कोणत्या समितीला आहे?

आता २०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार आहे. त्यातही आपण सगळे बिनचूक मोजले जाऊ आणि कायद्याने कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. तेव्हा शाळेत नातवंडाचं नाव घालायला जाल, तेव्हा पालकाच्या रकान्यात आईचं नाव घाला, आणि बाई काय लिहितात ते जरा वाकून बघा. पणतवंडांना तेवढंच मिळणार आहे.