चंबा रुमाल : एका पर्वतीय राजधानीतील कला आणि अनामिक कर्तृत्व

हिमालयातील लहान नगरांच्या कलापरंपरेविषयी लिहिताना त्यांच्या एकांतवासाचे कौतुक करण्याची प्रथा आहे. पर्वतांनी बाहेरचे जग अडविले म्हणून कला टिकली, असा या विवेचनाचा सूर असतो. हिमाचल प्रदेशात रावी नदीकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर वसलेल्या चंबा नगराचा इतिहास या समजुतीला फारसा दुजोरा देत नाही. येथील प्रसिद्ध भरतकामाचे कापड व रेशीम पंजाबच्या मैदानी प्रदेशातून येत असे आणि त्यातील रेषेवर संस्कार झाले ते शेजारच्या गुलेर राज्यातील चित्रकारांचे. दुर्गमतेपेक्षा राजाश्रयाचे सातत्य येथे अधिक निर्णायक ठरले. या राजाश्रयाने कोणाची नावे नोंदविली आणि कोणाची नाही, हे मात्र तपासून पाहण्यासारखे आहे.

या राज्याची जुनी राजधानी ब्रह्मपूर, म्हणजे आजचे भरमौर. तेथील लक्षणादेवीची धातुमूर्ती इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या अखेरीस, मेरुवर्मन राजाच्या काळात घडविली गेली. मूर्तीवरील लेखात राजाबरोबरच गुग्ग या कारागिराचेही नाव आहे. भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात कारागीर बहुधा निनावी राहतात. त्या पार्श्वभूमीवर हा लेख मोलाचा ठरतो. दहाव्या शतकात साहिल वर्मन याने राजधानी चंबा येथे हलविली. नव्या नगरात पाणी यावे म्हणून राणीने स्वतःला जिवंत गाडून घेतले, अशी आख्यायिका सांगितली जाते आणि तिच्या स्मरणार्थ भरणाऱ्या सुही जत्रेत मुख्यतः स्त्रिया व मुलेच सहभागी होतात. नगराच्या स्मृतीत स्त्रीला स्थान आहे, पण ते आत्मबलिदानासाठी.

अठराव्या शतकात उमेद सिंह (१७४८–१७६४) आणि राज सिंह (१७६४–१७९४) यांच्या कारकिर्दीत चंब्याची चित्रकला बहरली. गुलेरच्या नैनसुख या थोर चित्रकाराचा पुत्र निक्का राज सिंहाच्या आश्रयाला होता. पहाडी चित्रकारांची घराणी अभ्यासकांना ज्ञात झाली, त्याचे मोठे श्रेय बी. एन. गोस्वामी यांना जाते. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांतील यात्रेकरूंच्या वंशावळी तपासून त्यांनी ही घराणी जुळविली आणि १९६८ मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकात पहाडी शैलीचा आधार राज्य नसून कुटुंब आहे, असे प्रतिपादन केले. हे संशोधन मूलगामी आहे, यात शंका नाही. तथापि त्या वह्यांतून जुळतात त्या पिता-पुत्रांच्या परंपरा. याच काळात चंब्यातील घराघरांत कापडावर चित्रे साकारणाऱ्या स्त्रियांचा माग त्या साधनांतून लागत नाही.

चंबा रुमालाला रुमाल म्हटले जात असले तरी तो खिशात ठेवण्याचा नव्हे. देवाला अर्पण करावयाचा नैवेद्य अथवा भेटवस्तूंचे तबक झाकण्यासाठी, तसेच विवाहप्रसंगी वधू-वरपक्षांत देवघेवीसाठी तो वापरला जाई. न विरंजिलेल्या तलम सुती कापडावर चित्रकार कोळशाने किंवा कुंचल्याने रेखाटन करी; रासमंडल, रुक्मिणीचा विवाह, अष्टनायिका, शिकार हे नेहमीचे विषय. पुढचे काम सुईचे. पीळ न दिलेल्या रेशमी धाग्याने, गाठ न मारता, दोन्ही बाजू एकाच वेळी भरल्या जात. त्यामुळे रुमालाची उलट बाजू सुलटीसारखीच दिसे. या टाक्यास ‘दोरुखा’ म्हणतात. पैठणीचा पदरही दोन्हीकडून सारखा दिसतो, हे मराठी वाचकास ठाऊक आहे; परंतु तेथे हे मागावरच्या विणीतून साधते, येथे प्रत्येक टाका हाताने मोजून घ्यावा लागतो. चित्रकाराची रेषा अखेरीस धाग्याखाली झाकली जाते आणि डोळ्यांना दिसतो तो स्त्रीचा हात. असे असूनही या रुमालांचे वर्णन ‘सुईने केलेले चित्र’ असे करण्याची रीत आहे. चित्राचा दर्जा वर आणि सुईचा खाली, हे त्या कौतुकातच गृहीत धरलेले असते.

अभ्यासकांनी रुमालांचे दरबारी आणि लोकशैलीचे असे दोन वर्ग केले आहेत. लोकशैलीच्या रुमालांत रेखाटनही बहुधा स्त्रियांनीच केलेले असे. आकृत्या साध्या, रंग भडक. संग्रहालयांनी पसंती दिली ती प्रामुख्याने दरबारी रुमालांना. म्हणजे जी कलाकृती आरंभापासून अखेरपर्यंत स्त्रीची होती, तीच दुय्यम ठरली.

१९०८ मध्ये चंबा येथे भूरी सिंह संग्रहालय स्थापन झाले आणि पुरातत्त्वज्ञ फोगेल यांच्या प्रेरणेने राज्यातील शिलालेख, ताम्रपट, चित्रे व रुमाल जतन होऊ लागले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले व राजाश्रय संपला. पुढे बाजारासाठी घाईने भरलेल्या, निकृष्ट रेखाटनाच्या रुमालांमुळे कलेचा दर्जा घसरला. १९९० च्या दशकात दिल्ली क्राफ्ट्स कौन्सिलने संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांवरून नव्याने रुमाल करवून घेतले, तेव्हा ही घसरण काही अंशी थांबली. २००७ मध्ये चंबा रुमालाला भौगोलिक निर्देशन मिळाले. या नोंदणीने संरक्षण मिळते ते स्थळाच्या नावाला. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते.

चंब्याचे चित्रकार विजय शर्मा यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. रुमाल भरणाऱ्या आणि अनेक मुलींना ही कला शिकविणाऱ्या ललिता वकील यांना तोच सन्मान २०२२ मध्ये लाभला. गुग्गाचे नाव धातूवर कोरले गेले, त्याला तोवर तेरा शतके उलटून गेली होती.