प्रौढवर्गाची पेटी

१९५९ साली आमच्या सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम निघाली आणि माण तालुक्यातल्या आमच्या गावात ती वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून आली. दादा प्राथमिक शाळेत मास्तर. दिवसा पोरं शिकवायची, रात्री त्याच पोरांचे आईबाप. पेटीत गुंडाळी फळा, खडूचा डबा, बारा पाट्या, ठसठशीत टाइपातल्या प्रवेशिका, मास्तरांसाठी एक बारकी मार्गदर्शिका, हजेरीपट आणि कंदिलाची जादा काच. प्रवेशिका हरवली तर दुसऱ्या गावाहून मागवता यायची. काच फुटली की वर्गच बंद.

रात्रीची शाळा ही काही सरकारची कल्पना नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी मजूर-शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. त्यांचं मूळ गाव कटगुण आमच्या शेजारच्याच खटाव तालुक्यातलं, त्यामुळे दादा हे जरा घरचं सांगितल्यासारखं सांगत. पण शंभर वर्षांनी मोहीम निघाली तेव्हाही आमच्या गावात अंगठेच जास्त होते. मोहिमेचं म्हणणं साधं होतं : १४ ते ५० वयाच्या गावातल्या सगळ्यांना लिहावाचायला यायला हवं, आणि हे गावानंच करायचं. मास्तरांना त्याचा वेगळा पगार नाही. सगळं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. आमच्याकडे तो देवळापुढं झाला. हलगी वाजली, गुलाल उधळला, शिकलेलं विसरणार नाही अशी ग्रामदेवतेपुढं शपथ झाली. पुढं १९७२ साली या मोहिमेला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. ती बातमी दादांनी कापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली.

मला मात्र त्या पेटीतल्या वस्तू प्रौढांच्या हाती पडल्यावर त्यांचं काय व्हायचं, हे जास्त आठवतं.

पहिली अडचण डोळ्यांची. चाळिशी उलटलेला माणूस प्रवेशिका हातभर लांब धरायचा. कंदिलाच्या उजेडात तिथून अक्षर दिसायचं नाही, जवळ आणलं की फिसकटायचं. "मास्तर, माझं डोस्कंच बंद हाय बगा," म्हणून तो उठून जाई. डोकं ठणठणीत होतं, चष्मा नव्हता. दादांनी बाजारातून दोन तयार चष्मे आणले आणि ते वर्गभर फिरू लागले. एक वाचायचा, बाकीचे पाळीची वाट बघायचे. साक्षरतेच्या साहित्याच्या यादीत खडूच्या आधी चष्मा लिहायला हवा, असं माझं मत तेव्हापासूनचं आहे.

दुसरी हाताची. खुरप्याला सरावलेल्या मुठीत पेन्सिल राहत नसे; टोक मोडायचं नाहीतर पाटी चरकन ओरखडायची. बायकांचं यातून लवकर सुटलं, कारण ठिपक्यांवरून रेघ वळवायची सवय त्यांच्या बोटांत रांगोळीनं घातलेलीच होती. दादा त्यांना आधी मातीवर बोटानं ग काढायला लावत, मग त्याच वळणात म, भ, न. पुरुष हसायचे. पंधरा दिवसांनी हसायचे बंद झाले.

आकड्यांचं प्रकरण तर निराळंच. ही माणसं निरक्षर होती, पण बेहिशेबी नव्हती. पावकी, निमकी, सवायकी तोंडपाठ. नेमका त्याच काळात त्यांच्या पायाखालचा हिशेबच बदलला. १९५७च्या एप्रिलपासून नवे पैसे आले. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर पैसे झाले. चार आण्यांचे २५, हे सोपं. पण एका आण्याचे ६, दोनाचे १२ आणि तिनाचे १९. म्हणजे तीन वेळा एकेक आणा दिला तर १८ आणि एकदम तीन आणे दिले तर १९. हा एक पैसा कुणाच्या खिशात जातो, यावर आमच्या वर्गात एक अख्खी रात्र गेली होती. मागोमाग शेर जाऊन किलो आला. किलो शेरापेक्षा थोडा भारी. मिरची घेणारा व्यापारी माप किलोचं लावायचा आणि भाव शेराचा द्यायचा. वजनावरचा आकडा वाचता आल्याशिवाय हे कळणार कसं? प्रवेशिकेतल्या बेरजा कंटाळवाण्या म्हणून सोडून देणारी माणसं या बेरजेला रात्री अकरापर्यंत बसली. मार्गदर्शिकेत त्या धड्यासाठी किती वेळ ठेवला होता कोण जाणे; दादांनी त्या दिवसांत ती उघडलीच नाही.

आमच्या आळीत एक विधवा काकी होती. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरी एक मुलगी. ती वर्गाला आली आणि पहिल्याच रात्री म्हणाली, "मास्तर, मला ते गमभन नगं. सातबाऱ्यावर माजं नाव कुटं हाय, तेवढं वाचाय शिकवा." दादांनी तिला तिच्या नावाची तीन अक्षरं शिकवली. आठवडाभर ती चुलीपुढच्या राखेत तेवढीच काढत होती. मग दादा तालुक्याला गेले तेव्हा तिच्या जमिनीचा उतारा घेऊन आले.

तो उतारा तिनं कंदिलाखाली धरला. चष्म्याची पाळी दुसऱ्याची होती, त्यानं न बोलता काढून दिला. तिनं बोट वरून खाली नेलं, मग खालून वर. मी शेजारी बसलो होतो, दहा वर्षांचा, मला केव्हाच दिसलं होतं. पण दादांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता. काकीनं तिसऱ्यांदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "न्हाई की वो." नवऱ्यामागं वारसाची नोंद एकट्या दिराच्या नावानं झाली होती. फेरफाराच्या नोटिशीवर तिचा अंगठा होता. "सोसायटीचा कागुद हाय, लाव," असं सांगून तो घेतलेला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला मुलांच्या बरोबरीनं हिस्सा दिला होता. कायदा दिल्लीत झाला, अंगठा आमच्या आळीत उठला.

वर्गातले दोघे-तिघे त्या दिराच्या भावकीतले होते. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. दादांना चावडीवर बोलावून समज दिली गेली की मास्तरांनी अक्षरं शिकवावीत, कागद दाखवू नयेत. दादा घरी येऊन जेवले नाहीत, पण रात्री पेटी उचलून वर्गाला गेले. काकीनं तालुक्याला अर्ज दिला, त्यावर सही केली. तीन अक्षरं, ओळ सोडून तिरकी गेलेली. नाव लागायला तीन वर्षं लागली, आणि तोवर भावकीतलं कुणी तिच्या दारात आलं नाही.

१९७८च्या २ ऑक्टोबरला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी स्वतः केंद्र चालवलं. ३० शिकणारे, महिना ५० रुपये मानधन. साहित्य दादांच्या काळापेक्षा देखणं होतं, तक्ते रंगीत होते. अक्षरांऐवजी ओळखीच्या शब्दापासून सुरुवात आणि शब्दावरून गप्पा, ही पद्धत मला मनापासून पटली. फक्त ते शब्द आमच्या गावचे असावेत यासाठी मी शेजारी एक वही ठेवायचो : तगाई, रोजगार हमी, सोसायटी, फेरफार.

१९८८ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. वय १५ ते ३५, तीन प्रवेशिका, प्रवेशिकेतच चाचण्या, शिकवणारे स्वयंसेवक. साक्षर कुणाला म्हणायचं याची मापंही ठरली : मिनिटाला ३० शब्द मोठ्यानं वाचता यावेत, ७ शब्द बघून लिहिता यावेत, ५ शब्द ऐकून. आकडे ठरले हे चांगलंच झालं, निदान नुसत्या सहीवर साक्षर धरणं थांबलं. पण चाचणी संपली की गावात वाचायला काही उरत नसे. देवळापुढं शपथ घेतलेल्यांतले निम्मे तरी माझ्या डोळ्यांदेखत अंगठ्यावर परत आलेले होते. टिकले ते कोण? ज्यांना रोज काही वाचावं लागत होतं ते. दूध संघाचं कार्ड असणारे, बचतगटाची वही लिहिणाऱ्या, मुंबईला गिरणीतल्या नवऱ्याचं पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटणाऱ्या.

काकी टिकली. म्हातारपणी तिच्या ओसरीवर सासुरवाशिणी कागद घेऊन यायच्या. ती दादांचाच एक जुना चष्मा दोऱ्यानं कानाला बांधायची आणि बोट वरून खाली न्यायची. मोडी आलेला जुना कागद असला तर सरळ सांगायची, हे मला येत न्हाई, तालुक्याला जा.

आता 'उल्लास'चे धडे मोबाइलवर येतात आणि सातबाराही मोबाइलवर निघतो. परवा सेतू केंद्राबाहेर एक सत्तरीची बाई नातवाच्या हातातल्या पडद्याकडं वाकून बघत होती. पोरगं भरभर वाचून दाखवत होतं. तिनं त्याचं मनगट धरलं. "थांब. मोटं कर. माजं मला वाचू दे."