मशीनवर गोधडी भरताना दोऱ्याचा ताण: बिघाड कसा ओळखावा, कसा दुरुस्त करावा

आईच्या किंवा आजीच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी आपल्या घरांत अजूनही होते. बेळगावकडे तिला शेजारी कौदी म्हणतात, बडोद्यात गोदडी, तर हैदराबादेत तेलुगू शेजारणी बोंत म्हणतात. पूर्वी ती हाताने धावदोरा घालून भरली जाई. आता अनेक भगिनी घरच्या शिलाई मशीनवर ‘फ्री-मोशन’ पद्धतीने, म्हणजे कापड हाताने हवे तसे फिरवत, वेलबुट्टी किंवा लाटांची नक्षी काढून गोधडी भरतात. या कामात सर्वांत जास्त तक्रार येते ती दोऱ्याच्या ताणाची, म्हणजे शिंपी ज्याला ‘टेन्शन’ म्हणतात त्याची.

नव्या कापडावर टाका बिघडला तर उसवून पुन्हा घालता येतो. वीस-तीस वर्षे धुतलेल्या साडीचे तसे नसते. तिचे सूत विरलेले असते, उसवताना ते तुटते आणि सुईची भोके राहून जातात. ती साडी दुसरी आणता येत नाही. म्हणून ताण आधी जुळवायचा आणि मगच साडीला सुई लावायची.

टाका कसा बसतो

मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात, एक वरच्या रिळाचा व दुसरा खालच्या बॉबीनचा. प्रत्येक टाक्याला ते एकमेकांत अडकतात. ही अडकण गोधडीच्या थरांच्या मधोमध बसली तर वरून फक्त वरचा दोरा आणि खालून फक्त खालचा दोरा दिसतो. एक दोरा जास्त ओढला गेला की अडकण त्याच्या बाजूला सरकते आणि दुसऱ्या दोऱ्याचे ठिपके तिथे दिसू लागतात.

साध्या शिलाईत सुईखालचे दाते कापड ठरावीक गतीने पुढे नेतात, त्यामुळे प्रत्येक टाक्याला दोरा सारखाच ओढला जातो. फ्री-मोशनमध्ये दाते खाली केलेले किंवा झाकलेले असतात आणि कापड हात नेतो. हात जलद गेला की दोरा जास्त ओढला जातो, थबकला की टाके एका जागी साठतात. म्हणजे ताणाचा एक भाग मशीनच्या बटणात असतो, तर दुसरा आपल्या हातात. साध्या शिलाईत सुरेख टाका देणारे मशीन गोधडीवर बिघडल्यासारखे वागते ते यामुळे. अशा वेळी लगेच टेन्शनचे बटण फिरवू नये. ते सर्वांत शेवटी हाताळायचे.

बटणाला हात लावण्यापूर्वी

१. फूटची दांडी खाली आहे का? फ्री-मोशनचा फूट कापडापासून किंचित वर राहतो, त्यामुळे मागची दांडी खाली करायचे विसरणे सहज घडते. दांडी वर असताना टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही. उलट्या बाजूला दोऱ्याचा मोठा गुंता झाला, तर पहिला संशय याचाच घ्यावा.

२. दोरा पुन्हा ओवावा. ओवताना फूट वर हवा, म्हणजे चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्या मध्ये नीट बसतो. नंतर फूट खाली करून दोरा हलकेच ओढून पाहावा. तो अडखळत, जड यायला हवा. सुळकन आला तर चकत्यांत बसलेला नाही. वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा गेला आहे ना, हेही पाहावे.

३. सुई बदलावी. बोथट किंवा किंचित वाकलेली सुई ताण बिघडल्याचा भास करते. जाड थरांसाठी १४ नंबरची, फार जाड असल्यास १६ नंबरची सुई घ्यावी. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने ओवायचा. साधारण आठ तास शिलाई झाली की सुई बदलणे बरे.

४. बॉबीन पाहावी. ती मध्यम गतीने, सारखी भरलेली हवी. पॉलिएस्टरचा दोरा फार वेगाने भरला तर भरताना ताणला जातो, शिवल्यावर आखडतो आणि कापडाला चुण्या पडतात. बॉबीनचा दोरा केसच्या पातळ पत्तीखाली गेला आहे याची खात्री करावी.

५. मशीन साफ करावे. जुन्या सुती साड्यांचे तंतू खूप झडतात. सुईपट्टी काढून दात्यांमधला व बॉबीनच्या घरातला कचरा ब्रशने काढावा. तोंडाने फुंकर मारू नये, कचरा आणखी आत जातो. बॉबीन केसच्या पत्तीखाली अडकलेला एक तंतूसुद्धा खालचा ताण ढिला करतो.

६. दोरा जुना आहे का? हातभर दोरा ओढून पाहावा. चटकन तुटला तर तो रीळ कच्च्या टाक्यांना ठेवावा.

चाचणीचा तुकडा

गोधडीत जेवढे थर असतील तेवढ्याच थरांचा, तशाच कापडाचा वीतभर तुकडा करावा. वर एक रंग आणि खाली दुसरा रंग घ्यावा, मात्र दोरे एकाच जातीचे व जाडीचे असावेत. सुरुवातीला सुई एकदा खाली-वर करून खालचा दोरा वर ओढून घ्यावा आणि दोन्ही टोके धरून तीन-चार बारीक टाके घालावेत. टोके मोकळी सोडली तर सुरुवातीलाच गुंता होतो. मग थोडी सरळ रेघ, थोडी लाट व काही गोल काढून तुकडा उलटून पाहावा.

काय दिसते आणि काय करावे

*उलट्या बाजूला मोठे फासे किंवा गुंता:* वरच्या दोऱ्याला ताणच नाही. फूटची दांडी पाहावी आणि दोरा पुन्हा ओवावा. बटण फिरवून हे सुटत नाही.

*उलट्या बाजूला खालचा दोरा रेघेसारखा सरळ, त्यावर वरच्या रंगाचे ठिपके, तेही सगळीकडे:* वरचा ताण कमी आहे. बटण अर्ध्या आकड्याने वाढवून पुन्हा पाहावे.

*सुलट बाजूला खालच्या रंगाचे ठिपके:* वरचा ताण जास्त आहे, किंवा खालचा दोरा पत्तीतून निसटला आहे. आधी बॉबीन पाहावी, मग वरचा ताण अर्ध्या आकड्याने कमी करावा. फ्री-मोशनला साध्या शिलाईपेक्षा थोडा कमी ताण अनेकदा मानवतो.

*सरळ रेघ चांगली, पण वळणावर उलट्या बाजूला पापण्यांसारखे केस:* हात सुईपेक्षा पुढे पळतो आहे. वळणावर आपण नकळत हात वेगाने फिरवतो, कापड सुईला बाजूला खेचते आणि दोरा वळणाच्या आत ओढला जातो. मशीनचा वेग थोडा वाढवावा आणि हात सावकाश न्यावा. तरीही राहिले तर एक नंबर जाड सुई लावावी आणि वरचा ताण किंचित वाढवावा.

*वरचा दोरा पुन्हा पुन्हा तुटतो:* ताण जास्त, सुई बारीक किंवा खराब, अथवा सुईपट्टीच्या भोकाला खरखरीत कड आली आहे. नखाने चाचपून पाहावे.

*टाके सुटतात:* सुईबरोबर कापड वर उचलले जात असावे. फूट थरांना टेकतो का ते पाहावे आणि दोन्ही हातांनी कापड सुईभोवती सपाट धरावे.

*टाका बरोबर, पण कापडाला चुण्या:* दोन्ही दोरे घट्ट आहेत, किंवा थरांना कच्चे टाके पुरेसे घातलेले नाहीत.

टेन्शनचे बटण आणि खालचा स्क्रू

समोरचे बटण उजवीकडे फिरवले की ताण वाढतो, डावीकडे फिरवले की कमी होतो. एका वेळी एकच बदल करावा आणि दर वेळी तुकड्यावर शिवून पाहावे. मूळ आकडा कागदावर लिहून ठेवावा, म्हणजे साध्या शिलाईला परत येता येते.

खालचा ताण बॉबीन केसवरच्या बारीक स्क्रूने बदलतो. तो क्वचितच हाताळावा. वेगळी निघणारी धातूची केस असेल तर बॉबीन घालून ती दोऱ्याने लटकवावी. केस स्थिर राहिली आणि हलका झटका दिल्यावर थोडीशीच खाली सरकली तर ताण बरोबर आहे. आपोआप घसरत गेली तर ढिला, झटक्यानेही हलली नाही तर घट्ट. स्क्रू घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला की घट्ट होतो. त्याची मूळ जागा पेनने खूण करून ठेवावी आणि एका वेळी अगदी किंचित, घड्याळाच्या काट्याच्या पाच-दहा मिनिटांएवढेच फिरवावे. हे काम पांढऱ्या कापडावर किंवा ताटात करावे, कारण स्क्रू पडला तर सापडत नाही.

साडीच्या गोधडीची खास काळजी

गोधडीचा भार टेबलाखाली लोंबकळला तर कापड मागे खेचले जाते, सुई वाकते आणि एकाच रेषेत ताण बदलत राहतो. मशीनच्या डाव्या बाजूला व मागे दुसरे टेबल किंवा खुर्ची लावून सगळा भार वर ठेवावा. जरीच्या काठावरून मशीन नेऊ नये. जर सुईला अडते, दोरा तोडते. काठ वेगळा हाताने टाचावा. सुती साड्यांत एखादी नायलॉनची साडी मिसळल्यास थर घसरतात, तेव्हा कच्चे टाके जवळ जवळ घालावेत.

तरीही उसवायची वेळ आली तर उलट्या बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापावा आणि सुलट बाजूचा दोरा अलगद ओढून काढावा. वरून ओढाताण करू नये.

थर फूटखाली जेमतेम जात असतील, किंवा साडी बोटाने ताणताच विरत असेल, तर ताण कितीही जुळवला तरी मशीन तिला मानवणार नाही. अशी गोधडी हाताच्या धावदोऱ्यानेच भरावी. तिथे प्रत्येक टाक्याचा ताण बोटांना कळतो आणि कापड फाटण्याआधी हात थांबतो. घरात ज्यांना हा टाका येतो त्यांच्याकडून तो मुलींनी व मुलांनी शिकून घ्यावा.