शेअरबाजार-आलेखांतील रंगदर्शके

शेअरच्या भावाचा कल, सौदे चालू असतानाच, रंग पालटून दाखविणारी संगणकीय आलेखावरील खूण म्हणजे रंगदर्शक होय. मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर खुली बोली होती, तोवर भाव आरोळीने व हातांच्या खुणांनी कळे. नोव्हेंबर १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअरबाजाराने उपग्रहाने जोडलेल्या पडद्यांवर शेअरांचे व्यवहार सुरू केले. १९९५ मध्ये मुंबई शेअरबाजारानेही ‘बोल्ट’ ही संगणकप्रणाली स्वीकारली. सौद्यासाठी कोटात जाण्याचे कारण उरले नाही. घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीत बसूनही बाजार डोळ्यांसमोर राहू लागला. खरेदीची चौकट निळी, विक्रीची तांबडी, ही रंगांची सवय दलालांना त्या पडद्यांनीच लावली.

रंगदर्शकाची आज्ञावली पुष्कळदा चारदोन ओळींचीच असते : भाव गेल्या वीस पट्ट्यांच्या सरासरीहून वर असल्यास हिरवा, एरवी तांबडा. मेख आहे ती शेवटच्या पट्टीत. पाच मिनिटांची पट्टी पुरी होईपर्यंत तिचा अखेरचा भाव प्रत्येक सौद्यागणिक हलतो आणि त्यासरशी रंगही. दुसऱ्या दिवशी आलेखावर या लपंडावाचा मागमूस नसतो. दर्शक होता त्याहून अचूक भासतो. काही आज्ञावल्या तर पुढील भाव घेऊन मागचे रंग बदलतात. त्यांना दर्शक म्हणणेच चूक. अल्पमुदतीच्या सौद्यांत अशी गफलत महाग पडते. ‘सेबी’च्या २०२४ मधील पाहणीत, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे व विकल्पांत उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात आढळले, अर्थात तोट्याची कारणे अनेक असतात. जाणकार आज्ञावलीकार पुऱ्या झालेल्या पट्टीवरूनच रंग ठरवितात. त्यासाठी एका पट्टीचा उशीर पत्करावा लागतो.