आरमकाठच्या पाऊलवाटा

वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा 'बागलाणच्या इतिहासावर तुम्ही काही लिहा' असे कार्यकारिणीने मला सांगितले. बागलाणचा इतिहास म्हटला की साल्हेर-मुल्हेरचे किल्ले डोळ्यांपुढे येतात. त्यांवर जाणत्या मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. पण भगिनींनो, खरे सांगा, आपल्यापैकी किती जणी साल्हेर चढून गेल्या आहेत? ५१४१ फूट उंचीचा तो गड महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला आहे. तो चढणे सर्वांच्या गुडघ्यांना झेपणारे नाही. म्हणून मी आज गडाखालच्या खोऱ्याविषयी, नदीकाठच्या आणि टेकड्यांच्या पायथ्याच्या सोप्या वाटांविषयी लिहिणार आहे. या वाटांनाही इतिहास आहे, आणि त्यात आपल्या आज्या-पणज्यांचा वाटा मोठा आहे.

आपले सटाणे आरम नदीच्या काठी वसले आहे. पश्चिमेकडील डोंगरांतून आरम येते, तिच्या उत्तरेस मोसम वाहते, आणि दोघीही शेवटी गिरणेला मिळतात. आरम आणि मोसम यांच्या मधोमध डोलबारीची रांग आहे, तर मोसमच्या पलीकडे सेलबारीची. रांगांच्या माथ्यावर उभे कडे आहेत. पण नदीकडे उतरत आले की जमीन सौम्य होते. माणसांची वस्ती आणि येणे-जाणे सारे या सौम्य भागातच झाले.

या भागातील सर्वांत सोपी वाट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी पाटाकडे बोट दाखवीन. आपल्याकडे आणि धुळ्याकडे शेकडो वर्षांपासून फडाची पद्धत आहे. नदीला दगडी बंधारा घालावयाचा, एका काठाने पाट काढावयाचा, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून एका फडात एकच पीक घ्यावयाचे. पाण्याची वाटणी पाटकऱ्याने करावयाची, राखण जागल्याने, आणि पाटातला गाळ सर्वांनी मिळून काढावयाचा. यात पंप नाही की इंजिन नाही. पाणी केवळ उताराने चालते. म्हणून पाट काढणाऱ्यांनी टेकडीच्या कडेकडेने अगदी अल्प उतार धरून तो नेला. पाणी चढ चढत नाही. डोक्यावर भारा आणि कडेवर मूल घेतलेली बाईही शक्यतो चढ टाळते. त्यामुळे जेथून पाट गेला तेथूनच बायकांची पायवाटही गेली. ती वाट कोणा राजाने बांधली नाही. रोजच्या चालण्याने ती पडली.

आता याच खोऱ्यांतून मोठा इतिहास कसा चालत गेला ते पाहू. गुजराथेतून दख्खनकडे येणाऱ्या जुन्या मार्गांपैकी एक बागलाणातून जात असे. मोसमच्या खोऱ्याच्या वरच्या तोंडाशी असलेले मुल्हेर, म्हणजे पूर्वीचे मयूरगिरी, ही बागूल राजांची राजधानी होती. तेथे पाडलेल्या महमुदी नाण्यांना दूरच्या बाजारांतही मान होता. नारायणशहा राजाच्या पदरी असलेल्या रुद्रकवीने इ. स. १५९६ मध्ये या घराण्यावर 'राष्ट्रौढवंशमहाकाव्य' हे संस्कृत काव्य रचले. पुढे १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजेपुढे मुल्हेर पडले व बागूलांचे राज्य संपले. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतताना शिवाजी महाराज बागलाणातूनच आले, आणि त्यानंतर लगेच वणी-दिंडोरीची लढाई झाली. १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. त्या रणात सूर्याजी काकडे पडले. २०२५ साली युनेस्कोने महाराजांच्या किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यात आपला साल्हेर आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु ही लढाई गडाच्या माथ्यावर झाली नाही, खाली झाली, हे विसरू नये. आणि फौजा जातात तेव्हा कोणाची उभी पिके तुडवली जातात, हे खोऱ्यातल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नाही.

फौजा आल्या आणि गेल्या. यात्रेकरूंची वाट मात्र मोडली नाही. मुल्हेरला उद्धव महाराजांचे स्थान आहे, आणि कोजागरीला तेथे रासक्रीडेचा उत्सव होतो. श्रावणी सोमवारी दोधेश्वरच्या महादेवाला डोंगराच्या कुशीत जावयाचे, चतुर्थीला गिरणाकाठच्या ठेंगोड्याच्या गणपतीला, आणि चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला, असा वर्षाचा क्रम होता. घराबाहेर पडावयास पूर्वी बाईला देवाचे निमित्त लागे. देवाच्या नावाने का होईना, ती चालली, चार गावे तिने पाहिली, आणि वाटेत दुसऱ्या गावची सून भेटली की मनातले बोलून घेतले. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींचे झोके आणि गाणीही याच नदीकाठी होत.

या वाटांवरून सुखाचीच पावले चालली असे नाही. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला. तोवर बागलाण खानदेशात होते, आणि म्हणूनच आपल्या तोंडी आजही अहिराणी आहे. त्यानंतर लगेच, १८७०-७१ मध्ये, दुष्काळ पडला. तेव्हा सटाण्याचे मामलेदार यशवंत महादेव भोसेकर होते. त्यांनी सरकारी खजिना उघडून उपाशी लोकांना वाटला. हा आकडा १ लाख २७ हजार रुपये सांगितला जातो. तपासणीत खजिना भरलेला निघाला, अशी श्रद्धा आहे. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण नोकरीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवून एका अधिकाऱ्याने भुकेल्यांचे ऐकले, एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. लोकांनी त्यांना देव मामलेदार केले. मार्गशीर्ष वद्य एकादशीला आरमकाठी त्यांची यात्रा भरते. त्या गर्दीत उभी राहिले की मला वाटते, दुष्काळात पोरे कडेवर घेऊन खेड्यांतून सटाण्याकडे आलेल्या बायका याच नदीकाठाने आल्या असतील. त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

माझ्या सासूबाई चतुर्थीला ठेंगोड्यास पायी जात. मी सून म्हणून आले त्या वर्षी त्या मला बरोबर घेऊन गेल्या. वाटेतल्या प्रत्येक बांधाला, ओढ्याला, चिंचेला त्यांच्याजवळ नाव होते. 'येथे थांबावयाचे, येथे पाणी गोड आहे, येथून पुढे ऊन लागते,' असे त्या सांगत जात. मी मान हलवीत राहिले आणि काहीच लिहून ठेवले नाही. आज त्या नाहीत, आणि त्यांतील चार नावेही मला धड आठवत नाहीत. हातातले पुस्तक मी आपण होऊन मिटून ठेवले, असे मला वाटते.

आज काय दिसते? मोसमवर हरणबारीचे व आरमवर केळझरचे धरण झाले. विहिरी, मोटारी, ठिबक आले. डाळिंब, द्राक्ष आणि कांद्याने तालुक्याचे नाव दूरवर नेले. हे चांगलेच झाले. डोक्यावरचा हंडा उतरला, याचा आनंद बाईइतका कोणाला होणार? पण त्याबरोबर कित्येक पाट बुजले, बागांना तारेची कुंपणे पडली, आणि पायवाटा नांगराखाली गेल्या. आता डॉक्टर सांगतात, 'रोज चाला.' म्हणून आपण पहाटे हमरस्त्याच्या कडेने, मालमोटारींचे दिवे चुकवीत चालतो. ज्यांच्या आज्या नदीकाठाने चालल्या, त्यांना चालावयास धड वाट उरू नये, ही गोष्ट मला बोचते.

म्हणून मंडळापुढे माझी एक साधी सूचना आहे. श्रावणापासून पौषापर्यंत, महिन्यातून एका रविवारी, आपण दहा-पंधरा जणींनी एक वाट चालावी. आधी आरमच्या काठाने, मग दोधेश्वर, मग ठेंगोडे. शेतकऱ्याला विचारून बांधावरून जावे, पिकाला हात लावू नये, भाकरीचे गाठोडे बरोबर घ्यावे आणि कचरा परत आणावा. प्रत्येक वेळी गावातील एका वृद्ध आजीबाईंना बैलगाडीतून वा मोटारीतून त्या वाटेच्या तोंडाशी न्यावे आणि बांधांची, ओढ्यांची, झाडांची नावे विचारावीत. एकीने ती वहीत उतरवावीत. पुढच्या वर्धापनदिनी ती वही मंडळाच्या कपाटात असावी.

किल्ल्यांची काळजी आता जग घेणार आहे. पायवाटांची काळजी घेण्यास मात्र आपल्याशिवाय कोणी नाही. पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता देव मामलेदारांच्या मंदिरापाशी मी उभी असेन. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी जुन्या चपला घालून यावे.