हेतुचक्राची नऊ घरे

दिग्रसचा विद्यार्थी संगणकाचे तर्कशास्त्र शिकताना बूल (१८५४) आणि शॅनन (१९३८) यांची नावे ऐकतो. आचार्य दिङ्नागांचेही ऐकावे, असे आम्हांस वाटते. ह्युएनत्संगाच्या वृत्तान्तानुसार ते महाराष्ट्रातील ज्या संघारामात राहत, तो अजिंठ्याचा मानला जातो. साध्य जेथे असते तो सपक्ष, नसते तो विपक्ष. हेतू प्रत्येकात सर्वत्र, अंशतः वा मुळीच नाही. अशी नऊ घरे. त्यांपैकी दोनच निर्दोष, दोन विरुद्ध, पाच अनिश्चित. दिङ्नागांनी संगणक कल्पिला, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. परंतु सर्व शक्यता मांडून निर्णय नियमावर सोपविण्याची ही रीत पाचव्या-सहाव्या शतकातील आहे. त्यांची प्रमाणेही दोनच, प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथवचनाला स्वतंत्र स्थान त्यांनी दिले नाही.